कंबरदुखीची बखर

दसरा उलटला की आपल्या घराघरांतून एक मोठी मोहीम सुरू होते. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, गाद्या उन्हात पडतात, कोळिष्टके निघतात आणि चकलीच्या सोऱ्यावर घरातल्या कर्त्या बाईचा सगळा भार पडतो. मोहीम फत्ते होते यात शंका नाही. पण तिची किंमत बहुधा एकच अवयव मोजतो. वसुबारसेच्या सुमारास घरातले कोणीतरी एक हात कंबरेवर ठेवून, तोंड कडू करून उंबऱ्यातच थांबते. दिवाळी अंकांतून राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळ छापून येतो. आज या बिचाऱ्या अवयवाचा इतिहास सांगावा असे माझ्या मनात आहे. तोही राजवंशांइतकाच जुना आहे आणि त्यातही गादीवरून भांडणे झालेली आहेत.

आधी शब्दाचे पाहू. ‘कंबर’ हा आपला मूळचा शब्द नव्हे. तो फारसी ‘कमर’. त्याने आपल्या ‘कटी’ला मागे सारले आणि ती बापडी मुलाला कडेवर घेण्यात, कडदोऱ्यात आणि पंढरीच्या विठोबाच्या हाताखाली तेवढी उरली. दुखण्याची नावे मात्र आपण अस्सल मराठी ठेवली. पाण्याची बादली उचलताना किंवा नुसते शिंकताना पाठीत जी कळ धरते ती उसण. वाकडेतिकडे वळताना भरते ती लचक. कळ विजेसारखी येऊन गेली तर चमक. सकाळी अंथरुणातून उठताना जी जागची हलत नाही ती आखडलेली कंबर. हे बारकावे ज्यांनी भोगले त्यांनीच पाडले असणार. कोशकाराच्या डोक्यातून ते निघायचे नाहीत.

जगातला कंबरदुखीचा सर्वांत जुना लेख इजिप्तमधला आहे. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1862 साली लक्सर येथे पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. ती इसवी सनापूर्वी 1600 च्या आसपासची आहे आणि मजकूर त्याहूनही जुना असावा असे पंडित मानतात. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी तिचे भाषांतर 1930 साली प्रसिद्ध केले. तीत 48 रोग्यांची प्रकरणे आहेत. डोक्यापासून सुरुवात करून वैद्य क्रमाने खाली उतरत जातो आणि अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात पाठीच्या मणक्याच्या लचकेपाशी पोचतो. रोग्याला तो पाय लांब करायला आणि आखडून घ्यायला सांगतो. मणक्यात कळ येते म्हणून रोगी पाय चटकन आखडून घेतो. हे दुखणे मी बरे करीन, असे वैद्य म्हणतो, रोग्याला उताणा निजवायला सांगतो, पुढचा उपचार सांगायला आरंभ करतो, आणि तिथेच वाक्य अर्धवट तुटते. नकलकाराने लेखणी खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. ती का ठेवली हे कोणाला ठाऊक नाही. इतके तास वाकून लिहिल्यावर त्याचीच कंबर धरली असेल, अशी माझी आपली एक शंका आहे.

आपल्याकडे चरकसंहितेत वाताचे ऐंशी विकार मोजले आहेत. त्यांत ‘गृध्रसी’ आहे. ढुंगणापासून निघून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी या क्रमाने पावलापर्यंत उतरणारी वेदना, असे तिचे वर्णन आहे. ज्याच्या पायातून अशी कळ गेली आहे त्याने ते वाचले तर ग्रंथकाराला साष्टांग नमस्कार घालील, अर्थात त्याला वाकता आले तर! रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव पडले असे सांगतात. उपचारांत तेल आहे, शेक आहे, बस्ती आहे. तसेच शीर तोडून रक्त काढणे आणि डाग देणे हेही आहे. यातले तेल आणि शेक आपल्या आज्यांनी उचलले. डागण्याचेही वारस निघालेच. खेड्यापाड्यांतून बिब्ब्याचे चटके घेतलेल्या कंबरा मी लहानपणी पुष्कळ पाहिल्या. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, मागे व्रण राहतो. फोडाच्या आगीपुढे कंबरेची कळ काही काळ जाणवत नाही, एवढाच त्याचा गुण मला दिसतो.

ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या काळी याहून अघोरी प्रकार चाले. ज्याच्या पाठीला बाक आला आहे त्याला शिडीला बांधायचे, शिडी उंच चढवायची आणि दणकन खाली सोडायची. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील सांध्यांविषयीच्या ग्रंथात ही रीत नीट वर्णिली आहे. पण गर्दीला थक्क करणाऱ्या भोंदूंचा हा खेळ आहे आणि आपल्याला तो करायची लाज वाटते, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. त्यापेक्षा रोग्याला फळीवर पालथे निजवून ताण द्यावा आणि बाकावर हाताने किंवा पायाने सुद्धा दाब द्यावा, असा त्यात सल्ला आहे.

पायाचे नाव निघालेच आहे, तर इथे जरा थांबू. आपल्याकडे उसण भरली की शेजारीपाजारी पायाळू माणसाचा शोध सुरू होई. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. रोग्याने पालथे पडायचे आणि पायाळूने त्याच्या पाठीला पाय लावायचा. आमच्या आळीत एक पायाळू मुलगी होती. तिला शाळेतून घरी येईपर्यंत दोन तरी पाठी वाटेत गाठत. मोबदला म्हणून गूळ-शेंगदाणे मिळत. ही समजूत खास आपली आहे असे मी पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो. पुढे वॉल्टर ग्रेगर यांचे ईशान्य स्कॉटलंडच्या लोकसमजुतींवरचे 1881 सालचे पुस्तक हाती आले आणि त्यात हीच गोष्ट सापडली. पायांकडून जन्मलेल्या माणसाच्या अंगी लचक आणि कंबरदुखी बरी करण्याची शक्ती असते; त्याने दुखरी जागा चोळावी किंवा पायाने तुडवावी! कुठे ॲबर्डीनचा कोळी आणि कुठे आमच्या आळीतला कासार! एकाने दुसऱ्याकडून घेतले असावे असे मानायला काही आधार नाही. कंबर धरली म्हणजे माणसाची बुद्धी एकाच वाटेने चालत असावी, इतकेच.

जर्मन लोकांनी उसणेला दिलेले नाव ऐकण्यासारखे आहे. ते तिला ‘हेक्सेनशुस’ म्हणतात, म्हणजे चेटकिणीने मारलेला बाण. 1489 साली उलरिश मोलिटोर याने चेटकिणींवर एक पुस्तक लिहिले. त्यातल्या एका चित्रात चेटकीण माणसावर बाण सोडून त्याला लंगडा करते आहे. हसू नये. ज्या युरोपात असली चित्रे छापली जात होती तिथे पुढची दोन शतके बायकांना खरोखर जाळले गेले. दुखण्याचे कारण सापडत नाही तेव्हा माणूस गुन्हेगार शोधतो आणि तो बहुधा दुबळ्यांतलाच निवडतो.

कारण शोधण्याची शहाणी रीत पहिल्याने ज्याने घालून दिली तो बेर्नार्दिनो रामाझ्झिनी हा इटालियन वैद्य मला फार आवडतो. 1700 साली मोदेना येथे त्याचे कारागिरांच्या रोगांवरचे पुस्तक निघाले. त्याचा आरंभ त्याच्या घरचा संडास उपसायला आलेल्या माणसापासून झाला. हा माणूस इतक्या घाईने का उपसतो आहे, असे रामाझ्झिनीने त्याला विचारले आणि तिथून वैद्यकात एका नव्या प्रश्नाची भर पडली: तुझा धंदा काय? शिंपी आणि चांभार यांच्याबद्दल तो लिहितो की सणाच्या दिवशी त्यांच्या मंडळ्या मिरवणुकीने निघाल्या म्हणजे सगळी रांग पोक काढून, डुलत, लंगडत चाललेली दिसते आणि बघणाऱ्यांना हसू येते. पण तो नुसता हसून थांबत नाही. दिवसभर वाकून बसल्याने हे होते, तेव्हा निदान सुटीच्या दिवशी तरी यांनी अंग हलवावे, असे तो सांगतो. तीनशे वर्षे होऊन गेली. शिंप्याच्या जागी संगणकापुढचा कारकून आला आणि सल्ला आहे तिथेच आहे.

यानंतरच्या दोन शतकांतून लवकर पुढे जाऊ. 1764 साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने मांडीतून उतरणारी कळ शिरेची आहे, सांध्याची नव्हे, हे दाखवले. 1866 साली लंडनच्या एरिक्सन या शस्त्रवैद्याने आगगाडीच्या अपघातांनंतर जडणाऱ्या पाठीच्या दुखण्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती. विलायतेत तोवर नुकसानभरपाईच्या फिर्यादींचा पाऊस पडू लागला होता आणि 1883 साली हर्बर्ट पेज या रेल्वे कंपनीच्या शस्त्रवैद्याने उलटे पुस्तक लिहिले, की पाठीला काही झालेले नाही, हा सगळा मनाचा धक्का आहे. दुखणे पाठीत की मनात, हा वाद तेव्हा कोर्टात लागला तो अजून चालूच आहे. 1895 साली दोन गोष्टी दोनच महिन्यांच्या अंतराने घडल्या. अमेरिकेत डॅनिएल पामर याने मणके हाताने दाबून बसवण्याचा कायरोप्रॅक्टिक पंथ काढला आणि जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. एकाने पाठीवर हात ठेवला, दुसऱ्याने पाठीच्या आत डोकावले.

आता गादीची गोष्ट. मानेपासून कंबरेपर्यंत आपले चोवीस मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यामध्ये कूर्चेच्या गाद्या असतात. भोवती चिवट कडे आणि मध्ये मऊ गर, अशी तिची घडण. 1934 साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी दाखवून दिले की कडे फाटून आतला गर बाहेर येतो, शेजारच्या शिरेवर दाबतो आणि पायात कळ उतरते. चरकाची गृध्रसी अशी अखेर डोळ्यांना दिसली. हा शोध मोठाच. पण त्याच्यापाठोपाठ ‘गादी सरकली’ हा शब्द आला आणि त्याने घात केला. गादी सरकत बिरकत नाही. ती मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. शब्द ऐकून मात्र माणसाला वाटते, की आपला कणा म्हणजे पानवाल्याच्या दुकानातली बरण्यांची उतरंड आहे, एकीला धक्का लागला की सगळी कोसळेल. जो तो कंबर उघडून घेऊ लागला. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांच्या कंबरेवर 1954 साली शस्त्रक्रिया झाली, जखम चिघळली आणि ते मरणाच्या दारातून परत आले. त्यांना खरा आराम मिळाला तो डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल या बाईंनी सुचवलेल्या डुलत्या खुर्चीत. ती खुर्ची त्यांच्याबरोबर व्हाइट हाउसमध्येही गेली.

ज्यांना शस्त्रक्रिया परवडत नव्हती त्यांना फळी मिळाली. 1968 साली माझ्या आत्याला कंबर धरल्यावर एका डॉक्टरांनी सहा आठवडे लाकडी फळीवर उताणे पडून राहायला सांगितले. ती बेचाळीस वर्षांची होती, पाच घागरी पाणी एका दमात भरणारी. आज्ञा तिने अक्षरशः पाळली. उठली तेव्हा पायांतले बळ गेले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे धीर गेला होता. पुढची सत्तावीस वर्षे ती वाकली नाही. नातवंडांना कडेवर घेतले नाही, जमिनीवर पंगतीला बसली नाही, आषाढीला दिंडी दारावरून जायची तेव्हा खिडकीतून हात जोडायची. तिची कंबर त्यातल्या फार थोड्या दिवशी दुखत असे. ती दुखेल या भीतीतच ती जगली.

डॉक्टरांनाही दोष देता येत नाही. सगळे जग तेच सांगत होते. पडून राहण्याने खरोखर गुण येतो का, हे मोजून पाहायला 1986 साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत रोग्यांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात. दोन दिवसवाले कामावर लवकर गेले आणि सात दिवसवाल्यांना जास्त पडून राहिल्याचा काडीचा फायदा झाला नाही. 1995 साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या 186 नगरपालिका कर्मचाऱ्यांवर आणखी एक प्रयोग झाला. काहींना दोन दिवस निजवले, काहींना पाठीचे व्यायाम दिले आणि उरलेल्यांना सांगितले, की झेपेल तसे आपले रोजचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर हे तिसरे बरे झाले. फळीचीही परीक्षा झाली. 2003 साली स्पेनमध्ये 313 माणसांना नव्वद दिवस वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवून पाहिले तेव्हा अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीच बरी ठरली. हे सारे कळले तोवर आत्या गेली होती.

आणखी एका प्रयोगाची गंमत सांगतो. 1994 साली अमेरिकेत ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा 98 माणसांच्या पाठीची एमआरआय छायाचित्रे काढली. निम्म्याहून अधिक जणांची एक तरी गादी फुगलेली निघाली! पिकलेल्या केसांसारख्या या वयाच्या खुणा आहेत. तेव्हा छायाचित्राचा कागद हातात घेऊन घाबरण्यात अर्थ नाही. दहांतल्या नऊ कंबरदुख्यांत बोट ठेवून दाखवावे असे एक कारण सापडतच नाही. एकाच जागी फार वेळ बसणे, सवय नसताना एकदम ओझे उचलणे, अपुरी झोप, मनाचा घोर, तंबाखू, वाढलेले वजन, सुटलेला व्यायाम असे अनेक चोर मिळून हे घर फोडतात.

मग घरी करावे काय? पहिली गोष्ट ही, की नवी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. पायाळूचे, बिब्ब्याचे आणि डोंगरावरच्या बाबाचे यश त्यातच आहे. दुखणे उतरायच्या बेताला आलेले असते आणि श्रेय शेवटी हजर असलेल्याला मिळते. कळ असह्य असेल तेव्हा एखादा दिवस आडवे व्हावे. उताणे निजताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर निजताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, एवढ्याने ताण पुष्कळ सैल होतो. उठताना एकदम सरळ उठू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने बसावे. शेक चांगला. आजीची तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी असो की रबराची पिशवी, उष्णता तीच. मात्र पिशवीला फडके गुंडाळावे, आणि मधुमेहाने ज्यांची कातडी बधिर झाली आहे त्यांनी फार जपावे. नरकचतुर्दशीचे तेल रोज लावले तरी हरकत नाही; वाग्भटाने ते रोजच लावायला सांगितले आहे. हलक्या हाताने चोळल्याने बरे वाटते, आणि घरचे कोणी अर्धा तास आपल्यापाशी बसते हेही औषधच. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात का होईना, चालावे. अर्ध्या तासाहून अधिक एका जागी बसू नये. ओझे उचलताना गुडघ्यांत वाकावे आणि वस्तू पोटाशी धरावी. गोळीचे म्हणाल तर 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात पॅरासिटॅमॉलने उसण लवकर बरी होत नाही असे दिसले. दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधू शकतात, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

काही वेळा मात्र शेकत बसणे धोक्याचे असते. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; मुहूर्त, पाडवा काही पाहू नये. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, किंवा म्हातारे माणूस पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तरीही लवकर दाखवावे. क्षयाचे जंतू मणक्यात घर करतात आणि आपल्या देशात हे विसरून चालत नाही.

एक प्रकरण राहिले. कॅलिफोर्नियात लेट्युस आणि बीट यांची विरळणी करायला मजुरांना हातभर दांड्याचे कुदळे देत. मजूर त्याला ‘एल कोर्तितो’, म्हणजे आखूडबुवा म्हणत. तो चालवायचा तर दिवसभर कंबरेत दुमडून चालावे लागे. आखूड दांड्याने काम नाजूक होते असे मळेवाले सांगत. खरी सोय वेगळीच होती: जो ताठ उभा दिसला तो काम करत नाही, हे मुकादमाला लांबून कळे. मजूर कोर्टात गेले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या, आणि 1975 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल मजुरांच्या बाजूने दिल्यावर आखूडबुवावर बंदी आली. लांब दांड्याने पीक काही बुडाले नाही. शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेझ यांनी तरुणपणी तो कुदळा चालवला होता आणि त्यांची पाठ पुढे कायमची दुखरी झाली. 1969 साली त्यांच्यावर उपचार केले ते त्याच डॉक्टर ट्रॅव्हेलबाईंनी, केनेडींच्या खुर्चीवाल्या.

हे वाचल्यापासून मी आपल्याकडची हत्यारे त्या नजरेने पाहू लागलो. कोकणात भाताच्या लावणीला बायका पाठीवर इरले घेऊन दिवसभर दुमडलेल्या असतात. देशावर खुरप्याला उकिडवे बसावे लागते. चाकाचे कोळपे आले आहे, पण ते बांधावर पुरुषाच्या हाती आणि खुरपे अजून बाईच्या हाती, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. आणि घरात केरसुणी! तिला तर आपण लक्ष्मी मानतो, लक्ष्मीपूजनाला नवी आणून हळदकुंकू वाहतो. आणि वर्षभर तिच्यापुढे घरातल्या बाईला वाकायला लावतो. आमच्या घरी गेली काही वर्षे केर काढायची केरसुणी एका वेताच्या काठीला सुतळीने घट्ट बांधलेली असते. पूजेपुरती आखूड आणतो. भाऊबीजेला ती कोनाड्यातून उतरते आणि संध्याकाळी तिलाही काठी लागते. सुतळी बांधायचे काम माझ्याकडे आहे, आणि ते उभ्यानेच करता येते.